धड हात

माझ्या थोरल्या जावेचा डावा हात मनगटात वाकडा आहे, आणि त्या हातावर मी गेली कित्येक वर्षं जळते आहे. कुणाच्या साडीवर जळावं, कुणाच्या पोरांच्या मार्कांवर जळावं, हे लोकांना पटतं. मोडक्या हातावर जळणारी बाई मात्र आमच्या पंचक्रोशीत मी एकटीच असेन. पण आमच्या घरात त्या हाताला जो मान आहे तो माझ्या दोन धड हातांना कधी मिळाला नाही. हे मी गोड बोलून झाकणार नाही.

आम्ही पलूस तालुक्यातले, नदीकाठचे, उसाचे. माझं माहेर साताऱ्यात. वडील फौजेत होते. घरी आल्यावरही चहा सहालाच पाहिजे, बिछान्याची घडी चौकोनीच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. मी बारावी झालेली, तीसुद्धा शहरात. जाऊ सातवीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की या घरात चार शब्द बोलायची वेळ आली तर सगळे माझ्याकडं बघतील. सासूनं पहिल्या आठवड्यात माझी भाकरी बघितली. पातळ, गोल, टम्म फुगलेली. "धाकटीच्या हाताला गुण हाय," असं म्हणाली आणि मला चुलीपुढं बसवलं. मी खूश झाले. जावेची भाकरी जाड व्हायची आणि कडेला चिरायची. तेव्हा तिनं माझ्यावर जळायचे दिवस होते. ती जळली की नाही मला माहीत नाही. नसावी, आणि तेच मला सहन होत नाही.

ज्या दिवशी तिचा हात मोडला त्या दिवशीची गोष्ट अगदी साधी आहे. साखर कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ झाली होती. आधी उसाचा दर सांगा, मगच तोडी चालू करा, एवढंच मागणं होतं. त्यासाठी आमच्या आणि आसपासच्या गावातले लोक इस्लामपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर बसायला निघाले. आदल्या दिवशी देवळासमोर बैठक झाली आणि तिथं शहाण्या पुरुषांनी ठरवलं की बायकांना पुढं बसवायचं. बायकांवर पोलिस हात टाकत नाहीत, असं सगळ्यांचं मत पडलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकांनाही नाही. उलट वर्षातनं एकदा बाहेर बसायला मिळतंय म्हणून सगळ्या हौसेनं तयार झाल्या.

रस्त्यावर बसलेल्यांना भाकरी घरोघरी थापून पाठवायच्या, ही आमच्याकडची जुनी पद्धत. आंदोलन कुणाचंही असो, गावातल्या चुली त्या दिवशी जास्त वेळ जळतात. घरटी एक बाई रस्त्यावर आणि एक चुलीपुढं, असं ठरलं. आमच्या घरातनं कोण जाणार, यावर सासूनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"थोरलीला जाऊ दे," ती म्हणाली. "तिची भाकरी कोण खाणार? धाकटी ऱ्हाऊ दे घरात."

मला त्या सकाळी अभिमान वाटला होता, हे आज आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी थापत बसले. माझी लेक तेव्हा लहान होती, माझा पदर धरून पिठात बोटं घालत होती. दुपारी भाकऱ्यांची पाटी, चटणी आणि कांदे घेऊन शेजारच्यांच्या जीपमधनं मी निघाले. रस्त्याच्या अलीकडंच जीप थांबवावी लागली. पुढं उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक उभ्या होत्या आणि ट्रॅक्टरवर माणूस नव्हता. रस्त्यावर चपला पडल्या होत्या. इतक्या चपला मी फक्त लग्नाच्या मांडवाबाहेर बघितल्या होत्या. सकाळी गेलेल्या भाकऱ्यांची फडकी सुटून पडली होती, बांगड्यांच्या काचा होत्या आणि एक कुत्रं निवांत भाकरी खात होतं. पोलिसांच्या गाड्या लांबवर होत्या. आमच्या गावातले एक आजोबा डांबरावर बसले होते, डोक्याला धोतराचा सोगा दाबून. मी त्यांना विचारलं, "आवं, काय झालं?" त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. ते त्यानंतर कधीच फारसं बोलले नाहीत. दोन पावसाळे असेच घरात बसून काढले आणि गेले.

मी जावेला हाका मारत फिरले. शेवटी रस्त्याकडेच्या उसातनं आवाज आला, "इकडं हाय मी, आरडू नगंस." पानांनी तिचं तोंड ओरबाडलं होतं. डावा हात तिनं उजव्या हातात असा धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. बाकीच्या बायकांकडनं मग कळलं. भजन चाललं होतं. उठा म्हणून सांगितलं, बायका उठल्या नाहीत. मग मागनं शिट्टी वाजली. जावेनं डोकं वाचवायला हात वर केला होता, एवढंच.

मिरज आमच्यापासून काय लांब आहे? सगळ्या मुलखातले आजारी मिरजेला येतात, कर्नाटकातनं येतात. आणि आम्ही मात्र तिला मिरजेला नेलं नाही. दवाखान्यांच्या दारात पोलिस बसलेत, जखमी दिसला की त्याचं नाव केसमध्ये घालतात, अशी बातमी गावात आली होती. खरी की खोटी कुणी बघायला गेलं नाही. मार खाल्लेली माणसं चोरासारखी घरात लपली. पलीकडच्या गावात हाडं बसवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडं आम्ही तिला अंधार पडल्यावर नेलं. त्यानं ओढलं, कामट्या बांधल्या, अंड्याचा लेप लावला. तिला मी धरून बसले होते. ती ओरडली नाही, माझ्या दंडाला मात्र चावली. हात वाकडा बसला. आणि नाव केसमध्ये आलंच. दगडफेक केली आणि सरकारी कामात अडथळा आणला, असं तिच्या नावापुढं लिहिलेलं होतं. तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं, बाकी काही नव्हतं.

इथपर्यंत मला तिची दयाच आली. पुढं काय झालं ते ऐका.

भाकरी दोन्ही हातांनी थापतात. वाकड्या मनगटानं ती फिरत नाही. सासूनं जाहीर केलं, "तिला आता चुलीम्होरं बसवू नका." म्हणजे दोन्ही भावांच्या, पोरांच्या, सासूच्या आणि गड्यांच्या भाकऱ्या माझ्याकडं आल्या. आणि जाऊ उठून ओसरीवर गेली. ओसरीवर गेली ती तिथंच थांबली नाही. लोक तिला भेटायला यायला लागले. कुठली कुठली माणसं, शहरातली, कॅमेरेवाली. मग ती सभांना जायला लागली. सातवी शिकलेली बाई, पण माईक हातात आला की समोरची माणसं चिडीचूप. मी दोनदा ऐकलं तिचं भाषण. चुका होत्या, वाक्यं अर्धी सोडायची. मी असते तर नीट बोलले असते. पण मला कुणी बोलवलं नाही, कारण मला कुणी मारलं नव्हतं. पुढं ती ग्रामपंचायतीत निवडून आली. मी त्या दिवशीही पुरणपोळ्याच केल्या.

तिच्या कोर्टाच्या तारखांवरसुद्धा मी जळले, आता काय बोलायचं! तारखेच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसायची, बाकीच्या आरोपी बायकांबरोबर एसटीनं इस्लामपूरला जायची. तिथं तारीख पुढची पडायची आणि सगळ्या मिळून भेळ खायच्या. संध्याकाळी परत यायची ती हसत. मला एकदा म्हणाली, "धाकटे, तूबी चल की कवातरी." मी म्हणाले, "मला कुठं आरोपी केलंय?" तिला हसू आलं. मी विनोद केला नव्हता. मग एक दिवस तो खटलाच मागं घेतल्याचं कळलं. कुणी घेतला, का घेतला, आधी का घातला होता, हे कुणी सांगितलं नाही. चूक झाली असंही कुणी म्हणालं नाही. जाऊ त्या रात्री जेवली नाही. मी म्हणाले, सुटलात की आक्का. ती म्हणाली, "सुटले काय? म्या काय केलंच न्हवतं, ते कुणी म्हनलं का?"

हे सगळं मी गिळलं असतं. पण ती माझ्या लेकीला घेऊन गेली.

आमच्याकडं बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोला पोरं मोठी आई म्हणतात. चांगली पद्धत आहे, मीही माझ्या चुलतीला तेच म्हणायचे. पण रोज सकाळी 'मोठ्या आई, मोठ्या आई' अशी हाक ऐकायची आणि आपण नुसती आई, म्हणजे लहानच की! जावेला एकच मुलगा, तो फौजेत. माझी लेक शाळेतनं आली की दप्तर टाकून ओसरीवर. "मोठ्या आई, त्या दिवसाचं सांग." आणि ती सांगायची. शिट्टी कशी वाजली, उसात कशी शिरले, पोलिसाचा बूट पानांतनं कसा दिसत होता. मी आत बसून ऐकायचे. त्या दिवसाची माझ्याकडंही गोष्ट होती, पण तिच्यात काय होतं? पीठ.

लेक बारावी झाली आणि जेवताना म्हणाली, "मी पोलिस भरती देणार."

ताटं वाजायची थांबली. माझ्या नवऱ्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. सगळ्यांनी जावेकडं बघितलं. मीही बघितलं. आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिते: आता तुटलं यांचं. ज्यांनी हिचा हात मोडला त्यांच्यात जायचं म्हणते पोरगी, आता ही तिला दारात उभी करणार नाही, आणि माझी लेक मला परत मिळणार. मी पातेल्यात डाव धरून बसले होते, आमटी वाढायचं विसरून.

जावेनं घास संपवला. "जाऊ दे की," ती म्हणाली. "आतनं बघू दे कुणीतरी आपल्यातलं."

मला तिथंही तिनं हरवलं.

त्या दिवसापासनं भल्या पहाटे दोघी कालव्याच्या रस्त्यावर. लेक पळणार आणि जाऊ भरावावर उभी राहून मोबाईलवर वेळ लावणार. गोळाफेकीचा सराव घ्यायलाही तीच. लोक विचारायचे, तुम्हाला कुठं येते गोळाफेक? ती म्हणायची, "सरकारनंच लिवून दिलंय, मला दगुड मारता येतो म्हनून." सगळे हसायचे. एकदा पळताना लेकीचा पाय मुरगळला, तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन आली तीसुद्धा हीच. मी हळद गरम केली. हळद गरम करणं, दूध गरम करणं, पाणी गरम करणं, मला सगळं गरम करायला ठेवलेलं.

लेक भरती झाली. प्रशिक्षण संपल्यावर संचलन बघायला आम्ही सगळे गेलो. सगळ्या पोरी आपापल्या आईबापांच्या डोक्यावर टोपी घालून फोटो काढत होत्या. माझी लेक आली, टोपी काढली, आणि मी पदर सारखा केला. तिनं टोपी मोठ्या आईच्या डोक्यावर घातली. तो फोटो आमच्या ओसरीवर आहे. त्यात कडेला माझा अर्धा खांदा आलाय.

नेमणूक जिल्ह्यातच मिळाली. पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हाची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. जावेनं तिला विचारलं, "काठी कशी चालवाय शिकिवली गं?"

लेकीनं कोपऱ्यातला वेळू उचलला आणि दाखवला. "कमरेच्या खाली मारायची, मोठ्या आई. पायावर. डोक्यावर मारायची न्हाईच. तसा नियमच हाय."

जाऊ खाली बसलेली होती, शेंगा फोडत. ती वर बघून म्हणाली, "बसलेल्या बाईची कंबर कुठं आस्ती गं?"

लेकीनं वेळू जागेवर ठेवला. मग ती तिच्यासमोर बसली आणि तिचा वाकडा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्यानं ते हाड चाचपत राहिली. कुठं उंच आहे, कुठं खड्डा आहे, कुठं दाबलं की जावेचा चेहरा बदलतो. बराच वेळ. मी दारात उभी होते. मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं की माझा हात कधी कुणी असा धरला नाही. दोन्ही एकदम वाटतं, त्याला काय करणार?

मागच्या हंगामात परत तेच. परत दराचा घोळ, परत रस्ता. आदल्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, उद्या तू कुठं जाऊ नको. मोठ्या आईलाबी जाऊ दिऊ नको. आमचा बंदोबस्त तिथंच लागलाय." मी म्हणाले, "तूच सांग की तिला." ती म्हणाली, "तिला सांगितलंय मी आधीच." आधीच! मला नंतर.

जाऊ काही ऐकणार नव्हतीच. "पोरगी तितं हाय म्हनून आपली मागनी बदलली का?" असं म्हणून तिनं सकाळी चप्पल घातली. आणि मीही घातली.

"भाकऱ्या?" नवऱ्यानं विचारलं.

"गेल्या खड्ड्यात," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू चूलच उठून चालायला लागली. मी आंदोलनासाठी गेले असं कुणी म्हणेल तर म्हणू दे, उसाच्या दराचं मलाही कळतं. पण खरं सांगायचं तर माझी लेक समोर उभी असणार, काठी घेऊन, आणि तिच्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत परत मोठी आईच असणार, हे मला सोसणार नव्हतं. मला तिनं बघायला पाहिजे होतं. आणि भीती? भीती तर होतीच. तिला मारायचा हुकूम आला तर ती काय करील, ही भीती एवढी होती की घरात बसून ती पेलली नसती.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. डांबर तापलेलं. समोर पोलिसांची रांग, पोरी एका बाजूला. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढं काच, हातात ढाल. सगळ्या सारख्या. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. परत बघितलं. जिला नऊ महिने पोटात वागवली ती मला ओळखू येईना.

"खांबापाशी उभारल्या ती," जाऊ मान न हलवता म्हणाली. "उजव्या पायावं भार हाय बघ. मुरगळल्यापास्नं तशीच उभारती."

खरंच, तशीच उभी होती. मला ते ठाऊक नव्हतं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूची बाई म्हणाली, घाबरू नकोस.

बराच वेळ घोषणा झाल्या, साहेबांची आणि पुढाऱ्यांची बोलणी झाली, मग भोंग्यावरनं सांगितलं की उठा. कुणी उठलं नाही. मागनं शिट्टी वाजली. माझ्याशेजारी जावेचं अंग एकदम आकसलं. इतकी वर्षं माईकवर बोलणारी बाई, तिचा वाकडा हात आपोआप डोक्यावर गेला. त्या हाताला भीती वाटते, हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

काठ्या उठल्या नाहीत. पोरींच्या रांगेनं ढाली खाली ठेवल्या आणि त्या आम्हाला उचलायला पुढं आल्या. खांबापाशी उभी असलेली सरळ आमच्याकडं आली. काच वर केलेली, चेहरा घामानं भिजलेला. मी हात पुढं केला. शपथेवर सांगते, मी हात पुढं केला.

ती मोठ्या आईपाशी वाकली. मनगटाला स्पर्शही न करता तिनं काखेतनं हात घातला, दुसऱ्या हातानं कोपर उचलून धरलं, आणि बाळंतिणीला उठवावं तसं तिला उठवलं. मला उचलायला दुसरीच कुणी पोरगी आली. परकी, दमलेली, घाईतली. मी उठेना, तशी तिनं माझं मनगट धरून ओढलं आणि पिरगळलं. मी ओरडले. लेकीनं मागं वळून बघितलं, पण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

आम्हाला गाडीत घालून एका मंगल कार्यालयात नेऊन बसवलं. लग्नाच्या फुलांच्या माळा अजून लोंबत होत्या. संध्याकाळी सोडून दिलं. तोपर्यंत माझं मनगट सुजून टम्म झालं होतं. जावेनं ते बघितलं आणि बाहेर येताच रिक्षा थांबवली.

"मिरजेला घे."

मी म्हणाले, घरी जाऊ, हळद लावते.

"एकदा लपलो तेवढं बास झालं," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? मी जावेकडं बघितलं. मला वाटलं, ती बोलेल, नेहमीसारखी. ती माझ्याकडंच बघत होती. मला लेकीची नोकरी आठवली, तिची टोपी आठवली. पडले म्हणून सांगावं, असं तोंडावर आलं होतं.

"रस्त्यावर बसले होते," मी म्हणाले. "उचलताना पोलिसांनी हात पिरगळला. तसंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. हाड मोडलं नव्हतं, शिरा ताणल्या होत्या. जावेचा हात मोडला, माझा नुसता मुरगळला. इथंही मी तिच्यामागंच.

घरी आलो तर चूल थंड. नवऱ्यानं दुकानातनं पाव आणले होते आणि कुणाला काही न विचारता सगळे चहात बुडवून खात होते. थोड्या वेळानं लेक आली, गणवेशातच. दारात बूट काढताना तिनं माझ्या हाताची पट्टी बघितली आणि तिचा चेहरा पडला. मी ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. पण मला कुठं राहवतंय!

"माझ्याकडं का आली नाहीस?"

ती तशीच उंबऱ्यावर बसली. एक बूट पायात, एक हातात.

"मोठ्या आईचा हात कुठं धरायचा ते फक्त मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "दुसरीनं धरला असता तर परत मोडला असता. मी सकाळपास्नं तेवढाच इचार करत उभी हुते. तुझा हात धड हाय, आई. मला वाटलं, तुला कोनबी उचललं तरी चालंल."

जाऊ ओसरीवर होती. तिनं ऐकलं असणार.

तुला कोणीही उचललं तरी चालेल. इतकी वर्षं या घरात मी ज्याच्यावर जळत होते ते हेच होतं, पण त्याला शब्द नव्हते. ते माझ्या लेकीनं एका वाक्यात बोलून दाखवलं, आणि तिला ते कळलंही नाही. मी उठले, तिच्यासमोर खाली बसले, आणि पट्टी बांधलेला हात तिच्यापुढं केला.

"आता नाही धड," मी म्हणाले.

तिनं हातातला बूट खाली ठेवला. दोन्ही हात पुढं आणले आणि माझ्या हाताजवळ येऊन ते थांबले.

"कुठं धरू?" तिनं विचारलं.

मी तिला दाखवलं.